कोलोनोस्कोपीत शाईची खूण: एंडोस्कोपी विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

मोठ्या आतड्यातली गाठ दुर्बिणीतून आतून लख्ख दिसते. तीच गाठ काढायला पोटात लॅप्रोस्कोप घातलेल्या सर्जनला मात्र बाहेरून बहुधा काहीच दिसत नाही. लवकर सापडलेला कर्करोग किंवा दोन सेंटिमीटरचा सपाट पॉलिप आतड्याच्या बाहेरच्या आवरणापर्यंत पोचलेलाच नसतो, आणि लॅप्रोस्कोपीत आतडे बोटांनी चाचपता येत नाही. मग सर्जन रिपोर्ट उघडतो. तिथे लिहिलेले असते, ‘गाठ ४५ सेंटिमीटरवर.’ हा आकडा फसवा आहे. स्कोपचा वेटोळा पडलेला असेल तर ४५ सेंटिमीटरवर सिग्मॉइड (रेक्टमच्या लगेच वरचा नागमोडी भाग) असू शकतो, आणि स्कोप सरळ असेल तर तेवढ्याच अंतरात तुम्ही डिसेंडिंग कोलनच्या (डावीकडून खाली उतरणाऱ्या भागाच्या) वरच्या टोकाशी असता. दुर्बिणीने सांगितलेली जागा आणि ऑपरेशनमध्ये सापडलेली जागा यांत तफावत निघण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण १० ते २० टक्क्यांच्या घरात आले आहे. चुकीचा तुकडा कापला जाऊ नये म्हणून आतड्याच्या भिंतीत शाईची खूण करतात. १९७५ मध्ये पॉन्स्की आणि किंग यांनी ही पद्धत मांडली. रोजच्या बोलण्यात तिला टॅटू म्हणतात.

काम पाच-सात मिनिटांचे आहे, पण बिघडले तर ते थेट ऑपरेशनच्या टेबलावर कळते. हा लेख नवे रजिस्ट्रार, फेलो, नर्स आणि टेक्निशियन यांच्यासाठी आहे. सुरुवातीच्या खुणा अर्थातच वरिष्ठांच्या देखरेखीखाली करायच्या.

१. खूण कधी करायची, कधी नाही

खूण करायची ती अशा गाठींसाठी:

- कर्करोगाचा संशय असलेली, ऑपरेशनला जाण्याची शक्यता असलेली कोणतीही गाठ
- दुसऱ्या केंद्रात ईएमआर किंवा ईएसडीसाठी (पॉलिप दुर्बिणीतूनच आतल्या थरासह काढण्याच्या पद्धती) पाठवायचा मोठा किंवा अवघड पॉलिप
- तुकड्या-तुकड्यांनी काढलेला, साधारण २० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप. काही महिन्यांनी तीच जागा पुन्हा तपासावी लागते
- एक अखंड काढलेला, पण दिसायला संशयास्पद असलेला पॉलिप

शेवटच्या प्रकारात हमखास चूक होते. पॉलिप सहज निघाला म्हणून खूण केली जात नाही, आणि आठवड्याने पॅथॉलॉजीत कर्करोग येतो. अशा वेळी वाट पाहू नका. काढलेल्या जागेचा व्रण साधारण दोन आठवड्यांपर्यंत ओळखता येतो. तेवढ्यात पुन्हा स्कोप करून खूण करून घ्या. महिनाभराने गेलात तर तिथे गुळगुळीत श्लेष्मल त्वचाच दिसेल.

सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात), म्हणजे अपेंडिक्सचे तोंड किंवा इलिओसीकल व्हॉल्व्ह (लहान आतडे मोठ्यात उघडते तिथली झडप) ज्या चौकटीत गाठीसोबत दिसते तिथे, खुणेची गरज नसते. ती जागा स्वतःच खूण आहे; फोटो काढा, पुरे. शिवाय सीकमची भिंत सगळ्यांत पातळ असते, विनाकारण सुई घालू नका.

खालच्या रेक्टममध्येही (गुदाशयात) खूण टाळतात. तो भाग पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या अस्तराच्या) खाली असल्याने पोटातून शाई दिसतच नाही, उलट ती मेझोरेक्टमच्या, म्हणजे रेक्टमभोवतालच्या, चरबीत पसरून सर्जनला ज्या थरातून जायचे तोच काळा करते. तिथे बोटाने तपासून आणि गुदद्वारापासूनचे अंतर नीट मोजून लिहिणे अधिक उपयोगी. रेडिएशन आणि केमो आधी द्यायचे असेल तर काही सर्जन रेक्टममध्येही खूण मागतात. तो निर्णय त्यांना विचारून घ्या, मनाने घेऊ नका.

२. कोणती शाई

आजचे उत्तर सरळ आहे: निर्जंतुक, वापरायला तयार अशी कार्बन कणांची शाई. स्पॉट ईएक्स, ब्लॅक आय ही त्यातली परिचित नावे. कार्बनचे कण पेशी गिळून तिथेच धरून ठेवतात, म्हणून खूण वर्षानुवर्षे राहते.

पूर्वी इंडिया इंक वापरत. तिच्यात फिनॉल, शेलॅक असे घटक असतात. ती सलाईनमध्ये पातळ करून, ऑटोक्लेव्ह करून, गाळून घ्यावी लागे, आणि तरीही भिंतीला सूज, गळू असे त्रास नोंदले गेले. खर्च वाचवायला कुणी स्टेशनरीच्या दुकानातली बाटली पुढे केली तर स्पष्ट नकार द्या.

मेथिलीन ब्लू एका दिवसात जवळपास पुसून जातो. ऑपरेशन त्याच दिवशी असेल तरच त्याचा विचार, आणि तोही दुसरे काही नसेल तर. इंडिगो कार्मिन पॉलिपच्या कडा नीट दिसाव्यात म्हणून वरून फवारतात. ते काम वेगळे; खुणेसाठी ते टिकत नाही.

इंडोसायनिन ग्रीन हा पर्याय अलीकडे वाढला आहे. सर्जनकडे फ्लुओरेसन्स कॅमेरा असेल तर हिरवी चमक चांगली दिसते, आणि पोटात थोडे सांडले तरी काळा डाग पडत नाही. मात्र ऑपरेशन आठवड्याच्या आत व्हायला हवे. शिवाय त्याच्या बऱ्याच कुप्यांत आयोडाइड असते, तेव्हा रुग्णाला आयोडीनची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. आपल्याकडे गाठ सापडणे आणि ऑपरेशनची तारीख मिळणे यांत सीटी, विमा, पैशांची जुळवाजुळव, कधी दुसऱ्या शहरातले रुग्णालय असे सगळे येते. आठवड्याचा भरवसा नसेल तर कार्बनच वापरा.

३. ट्रॉलीवर काय हवे

- कोलोनोस्कोपच्या लांबीची इंजेक्शन सुई: २३ किंवा २५ गेज, सुईचे टोक ४ ते ५ मिलिमीटर, नळी साधारण २३० सेंटिमीटर
- कार्बन शाईची सिरिंज, सहसा ५ मिलिलिटरची; मुदत आणि लॉट क्रमांक बघून
- निर्जंतुक सलाईन भरलेल्या ५ मिलिलिटरच्या दोन लुअर-लॉक (पिळून घट्ट बसणाऱ्या) सिरिंजा
- भिंग आणि आतडे धुवायला पाण्याचा जेट किंवा ५० मिलिलिटरची सिरिंज
- हायोसिन ब्युटिलब्रोमाइड, आतड्याची हालचाल फार असेल तर. काचबिंदू, लघवी तुंबणे, हृदयाचा त्रास विचारून मगच
- किडनी ट्रे, गॉज, आणि टेक्निशियनसाठी प्लास्टिकचा ॲप्रन

ॲप्रन गमतीने लिहिलेला नाही. सिरिंज दाबताना जोड सुटला की शाई उडते, आणि कपड्यावरचा कार्बन जात नाही. म्हणूनच लुअर-लॉक हवी. नुसती खोचायची सिरिंज नको. मोठी सिरिंजही नको, कारण १० किंवा २० मिलिलिटरच्या सिरिंजने लांब, बारीक नळीतून दाब देणे हाताला जड जाते.

संमतिपत्रात खुणेचा उल्लेख कोलोनोस्कोपीच्या आधीच असू द्या, गाठ सापडल्यावर गुंगीतल्या रुग्णाला विचारता येत नाही.

४. जागा ठरवा

खूण गाठीच्या गुदद्वाराकडच्या बाजूला, गाठीपासून साधारण ३ सेंटिमीटर अंतरावर करायची. हा नियम सगळीकडे एकच असावा यातच त्याची किंमत आहे: शाई दिसली की गाठ तिच्या वरच्या (गुदद्वारापासून दूरच्या) बाजूला, हे सर्जन धरून चालतो. गाठीने मार्ग अडवला असेल तर पलीकडे जाताच येत नाही, हेही एक कारण. तुमच्या विभागात वर आणि खाली दोन्हीकडे खूण करण्याची पद्धत असेल तर ते रिपोर्टमध्ये ठळक लिहा, नाहीतर सर्जन वरच्या खुणेपाशी खालची कड धरून कापेल.

गाठीत किंवा गाठीच्या बुडाशी शाई कधीही घालू नका. शाईने सबम्यूकोसात (श्लेष्मल त्वचेखालच्या थरात) तंतुमय चिकटा तयार होतो. नंतर ईएमआर किंवा ईएसडी करणाऱ्याने खाली द्रव सोडला तर पॉलिप उचललाच जात नाही, आणि जो दुर्बिणीतून निघाला असता त्यासाठी पोट उघडावे लागते. गाठीतून सुई आरपार नेल्यास कर्करोगाच्या पेशी पलीकडे जाण्याचा धोका वेगळाच.

ऑपरेशनसाठीची खूण एका ठिकाणी करून भागत नाही. आतड्याची एक बाजू मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) चरबीत असते. नेमकी तिथे शाई गेली तर बाहेरून दिसत नाही, आणि मेसेंटरी कोणत्या बाजूला आहे हे आतून सांगता येत नाही. म्हणून त्याच पातळीवर परिघात तीन ठिकाणी, एकमेकांपासून साधारण १२० अंशांवर. पॉलिप काढून झाला आहे आणि फक्त पुढच्या स्कोपसाठी जागा लक्षात राहायला हवी, तर एक खूण पुरते.

सुई काढण्यापूर्वी गाठीचा आणि ठरवलेल्या जागेचा फोटो घ्या. शाई पसरल्यावर पूर्वीसारखे चित्र मिळत नाही.

५. आधी सलाईनचा ब्लेब

सगळे कसब इथे आहे. हवा भरलेल्या मोठ्या आतड्याची भिंत ३ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची असते आणि तुमची सुई ४-५ मिलिमीटरची. सरळ काटकोनात टोचलीत तर ती पलीकडे पोटात निघणारच. शाई घालण्याआधी सलाईन घालून बघायचे ते यासाठी: सलाईन पोटात गेले तर काही बिघडत नाही.

आधी सुईची नळी सलाईनने भरा, टोकाशी थेंब येईपर्यंत. नळी चॅनलमधून नेताना सुई आत ओढलेलीच हवी. चॅनलमध्ये सुई उघडी पडली तर स्कोपला भोक, आणि दुरुस्तीचे बिल मोठे येते. नळीचे टोक पडद्यावर दिसले की मगच ‘सुई बाहेर’ म्हणा.

थोडी हवा ओढून घ्या. फार फुगवलेली भिंत ताणून आणखी पातळ होते. स्कोपचे टोक वळवून नळी भिंतीला तिरकी, ३० ते ४५ अंशांत आणा. आतड्याच्या घडीची कड मिळाली तर उत्तम, तिथे सुई आपोआप तिरकी बसते. हलके टोचा आणि टेक्निशियनला ‘सलाईन’ सांगा. अर्धा मिलिलिटर जाईपर्यंत फुगवटा, म्हणजेच ब्लेब, उठायला हवा.

आता पडद्यावर काय दिसते ते वाचा:

- गोल, मऊ, पारदर्शक फुगवटा लगेच वर आला: सुई सबम्यूकोसात आहे. हात स्थिर.
- सलाईन जाते आहे, दाब लागत नाही, पण फुगवटा नाही: सुई भिंतीपार गेली आहे. दाबणे थांबवा, सुई अर्धा-एक मिलिमीटर मागे घ्या, पुन्हा थोडे सोडा. बहुतेक वेळा मागे घेतानाच ब्लेब उठतो.
- सलाईन आतड्यातच ओघळते: सुई भिंतीत शिरलेलीच नाही.
- पांढुरका, ताठ, लहानसा फोड आणि सिरिंज जड: सुई वरवरच्या थरात आहे. किंचित पुढे सरका.

ब्लेब खात्रीचा दिसेपर्यंत शाईची सिरिंज जोडायचीच नाही. ‘बहुतेक बरोबर आहे’ असे वाटत असेल तर ते बरोबर नाही असे समजा.

६. मग शाई: नळीतल्या मृत जागेचा हिशेब

नव्या लोकांचे सर्वांत जास्त गोंधळ इथे होतात, आणि ते हाताचे नसून हिशेबाचे असतात. २३० सेंटिमीटरच्या नळीत स्वतःचीच साधारण १ मिलिलिटरची जागा असते; तीच मृत जागा. शाईची सिरिंज लावून दाबली की टोकातून आधी नळीतले सलाईन बाहेर पडते, शाई नाही. हे लक्षात नसलेला माणूस ‘एक मिलिलिटर दिले’ म्हणून सुई काढतो. भिंतीत शाईचा थेंबही गेलेला नसतो, आणि नळीतली सगळी शाई पुढच्या क्षणी आतड्यात सांडते.

तुमच्या सुईची मृत जागा आधी मोजून ठेवा. कोरड्या नळीला सलाईनची सिरिंज लावून टोकाशी पहिला थेंब येईपर्यंत किती मिलिलिटर गेले ते बघा. बनावटीनुसार आकडा बदलतो. तो १ मिलिलिटर धरला तर क्रम असा:

1. सलाईन ०.५ मिलिलिटर: ब्लेब उठला.
2. सुई न हलवता सिरिंज बदला. सिरिंज जोडण्यापूर्वी शाई जोरात हलवा, कार्बन तळाशी बसतो.
3. शाई ०.७५ मिलिलिटर दाबा. आत्ता भिंतीत सलाईनच जाते आहे. ब्लेब मोठा होईल, पण काळा होणार नाही.
4. परत सलाईनची सिरिंज लावून १ मिलिलिटर सावकाश दाबा. नळीतली शाई पुढे ढकलली जाऊन ब्लेब काळा होतो, आणि नळीत उरते फक्त सलाईन.
5. सुई नळीत ओढा, मग जागा सोडा.

चौथ्या पायरीचा दुहेरी फायदा आहे. शाई पूर्ण वसूल होते, आणि नळी सलाईनने भरलेली असल्याने दुसऱ्या जागेचा ब्लेब लगेच करता येतो. तीन जागांना मिळून सव्वादोन मिलिलिटर शाई लागते; ५ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ती सहज भागते. एका जागी १ मिलिलिटरहून जास्त घालण्याची हौस नको. जास्त शाई म्हणजे ठळक खूण नव्हे. ती पसरून दहा-पंधरा सेंटिमीटर आतडे काळे करते आणि नेमकी जागा हरवते.

सिरिंज बदलताना सुई सटकली आणि नळीत शाई भरलेली आहे, असे झाले तर तशीच पुन्हा टोचू नका. सुई आत घ्या, नळी बाहेर काढा, किडनी ट्रेत सलाईनने स्वच्छ करा आणि पहिल्या पायरीपासून सुरू करा. दोन मिनिटे जातात, जाऊ द्या.

टेक्निशियनने प्रत्येक टप्पा मोठ्याने बोलावा: ‘सलाईन अर्धा गेला’, ‘शाई लावली’, ‘पाऊण गेली’. डॉक्टरचे डोळे पडद्यावर असतात, सिरिंजवरच्या रेघा त्याला दिसत नाहीत.

७. बिघडलेच तर

शाई आतड्यात सांडली की पडदा अंधारतो, कारण कार्बन प्रकाश शोषतो. घाबरण्यासारखे काही नाही. पाण्याने धुवा, ओढून घ्या. श्लेष्मल त्वचेवरचा डाग धुतला जातो, भिंतीतला राहतो. फक्त धुतल्यावर खूण खरोखर उरली आहे ना, ते बघा.

शाई भिंतीपार गेली तर बऱ्याचदा रुग्णाला काहीच होत नाही, पण सर्जनला पोटात ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा), शेजारचे आतडे, पेरिटोनियम काळे दिसते आणि खरी जागा कोणती ते कळत नाही. क्वचित ताप, एका जागी पोटदुखी, दाबल्यावर कळ अशी स्थानिक पेरिटोनायटिसची (पोटाच्या अस्तराच्या दाहाची) लक्षणे येतात. म्हणून घरी सोडताना ‘दोन-तीन दिवसांत ताप किंवा वाढती पोटदुखी झाली तर लगेच या’ हे नातेवाइकांनाही सांगा. शाई पार गेल्याचा संशय असेल तर तो रिपोर्टमध्ये लिहा. लपवलात तर ऑपरेशनच्या वेळी गोंधळ दुप्पट होतो.

क्लिपवर विसंबू नका. धातूची क्लिप बाहेरून दिसत नाही, ऑपरेशनमध्ये एक्स-रे लागतो, आणि बऱ्याच क्लिपा काही दिवसांत गळून पडतात. एमआरआय ठरलेला असेल तर क्लिपची माहिती तिकडेही द्यावी लागते.

८. रिपोर्ट

जळगाव किंवा लातूरला स्कोप आणि पुण्या-मुंबईत ऑपरेशन, हा नेहमीचा प्रवास आहे. सर्जनच्या हातात तुमचा फक्त कागद असतो. त्यावर ‘टॅटू केला’ एवढेच असेल तर खूण असून नसल्यासारखी. पुढील गोष्टी आल्याच पाहिजेत:

- गाठीचा आकार, स्वरूप, आतड्याचा भाग. स्कोप सरळ करून मोजलेले गुदद्वारापासूनचे अंतर
- खूण गाठीच्या कोणत्या बाजूला, किती सेंटिमीटरवर
- किती ठिकाणी, परिघात कशा
- कोणती शाई, प्रत्येक ठिकाणी किती मिलिलिटर, लॉट क्रमांक
- खुणेआधीचा आणि नंतरचा फोटो. नंतरच्या फोटोत शक्यतो गाठ आणि शाई एकत्र
- आधीची कुठली जुनी खूण दिसली असल्यास तीही

वाक्य असे बसते: ‘सिग्मॉइडमध्ये २५ मिलिमीटरची गाठ. गाठीच्या गुदद्वाराकडील बाजूस ३ सेंटिमीटरवर, एकाच पातळीत तीन ठिकाणी कार्बन शाई, प्रत्येकी ०.७५ मिलिलिटर. गाठीच्या वरच्या बाजूला खूण नाही.’ शेवटचे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटते. ते ठेवा.

एकाच रुग्णात दोन गाठी असतील तर प्रत्येकीसाठी वेगळी खूण आणि वेगळी नोंद. जुनी खूण असलेल्या रुग्णात ती कशासाठी होती हे जुन्या कागदांतून शोधल्याशिवाय नवी करू नका.

९. पुढच्यांना काय कळवायचे

सर्जनला शाई दिसली नाही तर तो ओमेंटम उचलून, आतडे फिरवून मेसेंटरीची बाजू बघेल. तरीही नाही सापडली तर टेबलावरच कोलोनोस्कोपी मागेल. अशा वेळी बोलावणे आले तर हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड घेऊन जा. तो लवकर शोषला जातो, आतडे फुगलेले राहत नाही आणि सर्जनला जागा मिळते.

पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘कार्बन टॅटू केलेला आहे’ हे लिहायला विसरू नका. कार्बनचे कण लसिकाग्रंथींपर्यंत जातात आणि त्या काळ्या दिसतात. काळ्या झालेल्या ग्रंथी पॅथॉलॉजिस्टला शोधायला उलट सोप्या जातात, पण कारण माहीत नसेल तर काळ्या रंगद्रव्याच्या दुसऱ्या आजाराचा विचार सुरू होतो आणि रिपोर्ट अडकतो. फॉर्म बहुतेक वेळा ऑपरेशन थिएटरमधला निवासी डॉक्टर भरतो आणि त्याने तुमचा स्कोपचा कागद पाहिलेला नसतो. म्हणून रुग्णाच्या फाईलच्या पहिल्याच पानावर, औषधांच्या ॲलर्जीच्या रकान्याशेजारी, शाईचे नाव आणि तारीख लिहून ठेवा.